आत्याची नाईट ड्युटी आणि ‘निरुपयोगी दास’

पिंपळपार | रविवार, रात्री ९:४०

सलाम मंडळी. (आमच्याकडे, म्हणजे नगरच्या मिशन कंपाउंडात, असंच म्हणतात. सवय जात नाही.)

गेल्या महिन्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत्या म्हणजे मिशन दवाखान्यात सत्तावीस वर्षं काढलेली नर्स. आता वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यानं वॉर्डावर लक्ष. कोवळी स्टाफ नर्स ड्रेसिंगला आली तर हिची कॉमेंट्री सुरू: “हात धुतलेस का? मग नळ परत बोटानं का बंद केलास? कोपरानं करायचा.” पोरगी बिचारी हसत होती.

ती गेल्यावर सहज विचारलं, आत्या, कंटाळा नाही आला का गं कधी? आणि तिच्या उत्तराआधी मला एक रात्र आठवली.

मी तिसरीत होतो. सुट्टीत आत्याच्या क्वार्टरवर राहायला गेलो होतो. वॉर्डात एक म्हातारे बाबा होते. मुलगा आणून टाकून गेला तो फिरकलाच नाही. पाठीला झोपून झोपून जखमा झालेल्या, पोट बिघडलेलं. त्या रात्री त्यांची चादर तीनदा खराब झाली. तिसऱ्या वेळेला लिननच्या कपाटात धुतलेली चादर उरली नव्हती, आणि धोबी सकाळीच येणार. आत्या तरातरा क्वार्टरवर आली आणि माझ्या अंगाखालची चादर ओढून घेऊन गेली. मी उरलेली रात्र सुतळीच्या बाजेवर काढली. सकाळी पाठीवर बाजेची नक्षी.

तर तिचं उत्तर. मला वाटलं होतं, प्रभू येशूचं प्रेम वगैरे काहीतरी सांगेल. पाळकसाहेबांच्या उपदेशात नेहमी मत्तयाचा पंचविसावा अध्याय येतो: मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं, या लहानांपैकी एकाला केलं ते मला केलं. आत्या म्हणाली, “ते खरंच आहे. पण रात्री अडीच वाजता त्या बाबांच्या चेहऱ्यात मला प्रभू काही दिसत नव्हता. वास येत होता. मी लूक सतरा-दहा धरून होते.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लूकच्या सतराव्या अध्यायात येशू एक रोखठोक उदाहरण देतो. नोकर दिवसभर नांगरून घरी आला म्हणून धनी त्याला ‘ये, आधी जेवायला बस’ म्हणतो का? उलट आधी मला वाढ म्हणतो. आणि सांगितलेलं सगळं करून झाल्यावर तुम्ही इतकंच म्हणा, की आम्ही निरुपयोगी दास आहोत, करायला हवं होतं तेच केलं. लहानपणी शब्बाथ शाळेत मला हे वचन अजिबात आवडायचं नाही. एवढं राबायचं आणि वर निरुपयोगी!

माझा प्रश्न असा. श्रद्धेमुळे माणसाला दया येते म्हणून तो सेवा करतो, असं आपण धरून चालतो. की दया संपल्यावरही माणूस जागेवर उभा राहतो, ते श्रद्धेमुळे? मला हल्ली दुसरं वाटायला लागलंय. तुमच्या पाहण्यात काय आहे? धागा धर्मांतराच्या भांडणात जाईल याची कल्पना आहे. जाऊ दे, पण निदान वळसा घालून जा.

---

तिरकस | रविवार, रात्री १०:१५

वळसा कशाला, सरळच जातो. :)

आत्याबाईंना मनापासून नमस्कार. पण दोन गोष्टी खटकतात. एक, ‘धन्यानं सांगितलं म्हणून केलं’ यात चांगुलपणा कुठे आला? ती आज्ञापालनाची गोष्ट झाली. उद्या धन्यानं भलतंच सांगितलं तर? दुसरी, मिशनच्या सेवेला धर्मांतराचं शेपूट असतंच. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून (विधवा-मुलींसाठीची शाळा-वसतिगृह) १८९३ साली मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून काय वादळ उठलं ते सगळ्यांना माहीत आहे. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, ती काही कर्मठ म्हणून नव्हे. आणि बिनशेपटीची सेवा होऊ शकते. आनंदवन घ्या.

---

पूर्वा_पश्चिमा | रविवार, रात्री १०:३२

बाजेची नक्षी. :) लेखनशैली आवडली. वाचतेय. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

माळरान | सोमवार, सकाळी ७:०५

मी जामखेड तालुक्यातला. घर मराठा, आजोबा माळकरी, दर आषाढीला पायी पंढरपूर. ख्रिस्ती धर्माशी आमचा संबंध ‘आरोळे डॉक्टरांचा दवाखाना’ एवढाच. त्यामुळे मी बाहेरचा म्हणून लिहितो.

डॉ. रजनीकांत आरोळे आपल्या जिल्ह्यातलेच, सुप्याचे. आईवडील शिक्षक. मेबलबाई जबलपूरच्या. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९६० साली लग्न करताना दोघांनी खेड्यात काम करायचं ठरवूनच केलं. आधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपण बरा करून पाठवतो तोच पेशंट तेच दुखणं घेऊन परत येतोय. अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला उतरले. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

आता श्रद्धेचं. आजोबा सांगायचे, या डॉक्टरनं गावात पहिल्यांदा इंजेक्शन नाही आणलं, व्हॉलीबॉल आणला. संध्याकाळी पोरं खेळायला जमायची, जातीबितीचं भान खेळात राहत नाही, आणि खेळ संपला की तिथेच बसून गप्पा. त्यातून तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली. मग दुष्काळ पडला, १९७२ चा. बोअर घ्यायचे ठरले. डॉक्टरांनी बोअरच्या जागा दलितवस्तीत धरायला लावल्या. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या जाणकारानं खूण केली तिथे हातपंप. झालं! ज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते त्यांच्या दारात पाणी आणि घागर घेऊन जाणार आमच्या घरच्या बाया. आजी पहिले काही दिवस गेली नाही म्हणे. मग तहान लागली तशी गेली.

एक उपदेश नाही, पत्रक नाही, की ‘जात मोडा’ म्हणून फलक नाही. नुसती पंपाची जागा.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. शिकलेल्या नर्सबाई गावात टिकेनात, बाया त्यांच्याशी बोलेनात. मग गावानंच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि त्यातही पुष्कळ दलित बाया आरोग्यसेविका झाल्या. दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या, सगळ्या जातींच्या एका पंगतीला. बाळाचं वजन, बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखर-पाणी, अंगावरचा बधिर चट्टा (कुष्ठरोगाची खूण) ओळखणं. १९७१ साली त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ तान्ही मुलं वर्षाच्या आत जायची. दोन-अडीच दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामाची नोंद पुस्तकात घेतली, प्राथमिक आरोग्यसेवेवरची आल्मा-आता या शहरातली जागतिक परिषद त्यानंतरची, १९७८ ची. १९७९ ला नवराबायकोंना मिळून मॅगसेसे. सरकारची आशा योजना आली २००५ मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

तिरकसराव, शेपूट शोधायचं तर आमच्या तालुक्यात या. माझे आजोबा त्यांच्या मंडळात होते आणि मरेपर्यंत माळ गळ्यातच होती. डॉक्टर त्यांना म्हणायचे, “अण्णा, वारीहून आलात की पायांना फोड आलेत का ते दाखवून जा.”

---

निळी_शाई | सोमवार, सकाळी ११:२०

माळरान, पंपाची गोष्ट छान सांगितलीत. पण ती पंपाच्या या बाजूनंही सांगायला हवी.

माझे पणजोबा महार. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. आमच्याकडे ‘धान्यासाठी झाले’ असं अजून तोंडावर ऐकवतात. मी लहानपणी चिडायचो. आता म्हणतो, हो, असतील. चार हजार वर्षांच्या संस्कृतीनं जे दिलं नाही ते कोणी दोन पायली ज्वारीबरोबर दिलं, आणि शेजारी बसवून दिलं, तर माणूस कुठे जाईल?

पण पिंपळपार, सेवेचा हा गोडवा गाताना आपल्या देवळाकडेही (म्हणजे चर्चकडे) बघा. महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळ्या दलितांच्याच आहेत, तरी पोटजात लग्नाच्या वेळी बरोबर आठवते. महारांची मंडळी वेगळी, मांगांची वेगळी, अशी गावं मी पाहिलीत. आणि कायद्यात १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत नाही. शिखांना ती १९५६ ला मिळाली, बौद्धांना १९९० ला. म्हणजे गावासाठी आम्ही महारच, सरकारसाठी नाही. यावर आमच्या किती पाळकांनी तोंड उघडलं? ‘सेवा’ म्हटलं की सगळ्यांना दुसऱ्याच्या जखमेला पट्टी बांधायची असते. घरातल्या गळवाला हात लावायचा नसतो.

आत्यांचं वचन मात्र मला अडकून बसलंय. ‘दास’ शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या दासच होत्या ना.

---

पिंपळपार | सोमवार, दुपारी १:१०

निळी_शाई, घाव बरोबर बसला. आमच्या देवळातलंही लग्नाचं प्रकरण मला माहीत आहे, सांगण्यासारखं नाही.

‘दास’ बद्दल: मीही याच शब्दापाशी अडकलो होतो. आत्याला विचारीन.

---

तीन_पाळ्या | सोमवार, दुपारी ४:४५

मी नर्स आहे. ख्रिस्ती नाही. मुंबईत मोठ्या दवाखान्यात बारा वर्षं झाली. कोणाला राग आला तरी बोलते.

‘सेवा’ या शब्दानं आमच्या व्यवसायाचं जितकं नुकसान केलंय तितकं कशानंच नाही. पगार वाढवा म्हटलं की सेवा. एका रात्रीला एका नर्सकडे चाळीस पेशंट का म्हटलं की सेवा. नर्स डे आला की हातात मेणबत्ती देतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबल ड्युटी. तुमच्या गोष्टीत मला बाबांपेक्षा लिननचं कपाट जास्त दिसलं. चादरी का संपल्या? धोबी एकच का? आत्यांनी स्वतःची चादर दिली म्हणून कपाटाचा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

हे सगळं म्हणून झाल्यावर एक कबूल करते. माझ्या पहिल्या वॉर्डात एक केरळी सिस्टर होत्या, नन. शब्दानं खूप कडक. त्या पेशंटचं डायपर बदलताना दर वेळी पडदा ओढायच्या. दर वेळी! बेशुद्ध पेशंट असला तरी, रात्री कोणी नसलं तरी. आम्ही घाईत ओढत नव्हतो. मी एकदा विचारलं, शुद्धीत नाहीये, त्याला काय कळतंय? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तो एकटा कुठे आहे?” मला तेव्हा वाटलं नातेवाईकांबद्दल बोलतायत. घरी गेल्यावर ट्यूब पेटली.

माझा काही देवावर विश्वास नाही. पण पडदा मी तेव्हापासून ओढते.

---

वसईची_केळी | सोमवार, रात्री ८:३०

तीन_पाळ्या, _/\_

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे हा विषय दवाखान्यापेक्षा ‘भेटी’वर चालतो. जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. पॅरिसमध्ये १८३३ साली कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेली. नियम साधा: घरी जायचं, दोघांनी मिळून जायचं, बसायचं. माझे डॅडी तीस वर्षं दर गुरुवारी जायचे. पिशवीत तांदूळ, तेल, औषधाची चिठ्ठी. पिशवी दारात ठेवून परत फिरायचं नाही हा त्यांचा दंडक, त्या घरचा चहा घ्यायचाच. मम्मी करवादायची, गरिबाची साखर का संपवता? डॅडी म्हणायचे, त्यांनाही आपल्याला काहीतरी द्यायचं असतं.

आणि सेवा म्हणजे फक्त पट्टी बांधणं नाही, हे आम्हाला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी दाखवलं. हरित वसई आंदोलनाच्या वेळी. टँकर आमच्या विहिरींचं पाणी उपसून नेत होते, हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होत होता. धर्मगुरूनं मिस्सा म्हणावी, टँकरच्या भानगडीत कशाला पडावं, असं म्हणणारे आमच्यातही पुष्कळ होते. फादर मोर्चाच्या पुढे. धमक्या आल्या. पुढे २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सगळ्यांना माहीत झाले, पण आमच्या वाडीतल्या बायकांना ते विहिरीवाले फादर म्हणूनच ठाऊक. यात ख्रिस्ती नसलेली माणसं तितकीच होती. पाणी कोणाच्या बाप्तिस्म्याला विचारत नाही.

निळी_शाई, घरातल्या गळवाबद्दल तुमच्याशी सहमत. आमच्याकडे दलित प्रश्न तसा नाही, पण अमका सामवेदी, तमका ईस्ट इंडियन, हे चालू असतंच.

---

वाळवी | सोमवार, रात्री ११:५०

तिरकस यांच्या १८९३ बद्दल. जुने कागद चाळायचा नाद आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

शारदा सदन सुरू झालं मुंबईत, ११ मार्च १८८९. पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. करार असा, की धार्मिक बाबतीत तटस्थ राहायचं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आलेल्या. त्या स्वतःच्या खोलीत मुलीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. हाच वादाचा मुद्दा. सल्लागारांचं म्हणणं, दार लावा. बाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण हाकलणारही नाही. दोन्ही बाजूंना काहीतरी तथ्य आहे असं मला वाटतं. ज्या विधवेला जगात दुसरं छप्पर नाही, तिच्यासाठी ते उघडं दार किती ‘मोकळं’ होतं, हा प्रश्न राहतोच.

पण त्याच सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक विधवा गोदूबाई. १८९३ मध्येच तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, ख्रिस्ती न होता. तिच्या नवऱ्याचं पुढचं काम महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दारातून माणसं दोन्ही दिशांना गेली, एवढंच.

आणि पिंपळपार, तुमच्या मूळ प्रश्नाला रमाबाईंचं उदाहरण मजेशीर वाकडं जातं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकड्यांनी मुली-बायका घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातूनही आणल्या. केडगावच्या माळावर जवळपास दोन हजार माणसांचं गाव झालं. तेलघाणा, हातमाग, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून केलं आणि त्याचे खिळे जुळवले आश्रमातल्या बायकांनी. पण हे सगळं ख्रिस्तामुळे का? त्यांचे आईवडील त्यांच्या डोळ्यांदेखत दुष्काळात उपासमारीनं गेले होते, त्या सोळा वर्षांच्या असताना. दुष्काळाची बातमी वाचून त्या गाडीत बसल्या त्या शुभवर्तमानामुळे की त्या भुकेमुळे? मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते वेगळं करता आलं नसतं.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ९:००

गोदूबाईंचं माहीत होतं, पण या संदर्भात सुचलं नव्हतं. शारदा सदनाबद्दल माझं वाक्य जरा सरसकट होतं, मान्य.

आज्ञापालनाचा मुद्दा मात्र सोडत नाही. पण तीन_पाळ्यांचा पडदा वाचून रात्री जरा अस्वस्थ झालो. माझे वडील शेवटचे वीस दिवस अतिदक्षता विभागात होते. पडदा कोणी ओढत होतं की नाही, मला आठवत नाही. मी पाहिलंच नव्हतं.

---

तीन_पाळ्या | मंगळवार, सकाळी ९:२५

तिरकस, ओढत असतील. बहुतेक जणी ओढतात.

---

माळरान | मंगळवार, दुपारी १२:१०

ज्यांना पाहायचंय त्यांच्यासाठी: जामखेड नगरहून साधारण पंचाहत्तर किलोमीटर. मेबलबाई १९९९ ला गेल्या, डॉक्टर २०११ ला. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी काम बघतात. मे महिन्यात येऊ नका, ऊन मारतं.

---

पिंपळपार | मंगळवार, रात्री १०:०५

आज संध्याकाळी आत्याला अख्खा धागा वाचून दाखवला. पट्टी निघालीय, पण वाचायला डॉक्टर अजून नाही म्हणतात. तिची उत्तरं जशीच्या तशी देतो.

निळी_शाई यांना: “त्या पोराला सांग, मीसुद्धा महाराचीच मुलगी. माझी आजी पाटलाच्या वाड्यावर दासी होती, ती मारून मुटकून. मी नोकरी पत्करली, माझा धनी मी निवडला. पाटलाला मी कधी धनी म्हटलं नाही. आणि हो, लग्नाचं तो बोलतो ते खरं आहे, आपल्या देवळाला लाज नाही.”

तीन_पाळ्या यांना: “चादरींसाठी मी सुपरिंटेंडंटला तीन अर्ज दिले होते. तिसऱ्यानंतर बारा चादरी आल्या. ते हा लिहीत नाही. ह्याला फक्त बाज आठवते. आणि त्या मुलीला विचार, पगार वेळेवर होतो का.”

तिरकस यांना काही म्हणाली नाही. वडिलांचं वाचलं तेव्हा “वीस दिवस” एवढंच पुटपुटली.

शेवटी माझी कानउघाडणी. एक, सत्तावीस नाही, एकोणतीस वर्षं. दोन, चादर तुझ्या अंगाखालची नव्हती, अंगावरची होती. बाजेवर तू आधीपासूनच नुसता झोपला होतास, गरम होतं म्हणून. तीन: “मी शांतपणे बिंतपणे आले असं वाचणाऱ्यांना वाटेल. तसं नव्हतं. मी त्या म्हाताऱ्यावर ओरडले होते. तिसऱ्या वेळेला. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. तेही लिही.”

लिहिलं.